रायफलीच्या कपाटाची दुसरी किल्ली

लोखंडी कपाट आधी आलं, रायफल नंतर. जर्मनीत हा क्रम ठरलेलाच आहे. आधी कपाट दाखवायचं, मग परवाना, मग हत्यार. मी तेव्हा इतका उतावीळ झालो होतो, की कपाट घरी आलं त्याच दिवशी मला अर्धी रायफल घरी आल्यासारखी वाटली.

मी नेकारसुल्मजवळच्या एका छोट्या गावात राहत होतो आणि मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मोजमाप विभागात कामाला होतो. माझे वडील तालुक्याच्या गावी सायकल दुरुस्तीचं दुकान चालवत. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. जर्मनीत येऊन मला सहा वर्षं झाली होती, पण अजूनही कारखान्याच्या दारात ओळखपत्र टेकवताना दिवा हिरवा झाला की मला मनातून बरं वाटायचं.

रायफलीचं वेड मात्र त्याहून जुनं. अकरावीत एनसीसीच्या शिबिरात मला पाच गोळ्या मारायला मिळाल्या होत्या. पाचही कागदावर लागल्या, त्यातल्या तीन एका वाटीत मावतील इतक्या जवळ. सुभेदार साहेबांनी कागद उचलून सगळ्यांना दाखवला. त्यानंतर इंजिनियरिंग, नोकरी, लग्न, आणि ते सगळं मागे पडलं. इथे एका सहकाऱ्याने त्याच्या गावच्या नेमबाजी क्लबात नेलं आणि पहिल्या शनिवारी छर्ऱ्याची बंदूक हातात घेतल्यावर मला कळलं, की ते मागे वगैरे काही पडलेलं नाही.

क्लबात वर्षभर नियमाने जावं लागतं. प्रत्येक हजेरीची वहीत सही. मग जर्मनमधून परीक्षा. मग क्लबाचं पत्र, संघटनेचा दाखला, पोलिसांकडून चौकशी. मी एकही शनिवार चुकवला नाही. बायको म्हणायची, "कॉलेजात एवढी हजेरी होती का हो तुमची?"

नवी स्पर्धेची रायफल माझ्या आवाक्यात नव्हती. तेवढ्या पैशात आम्ही आमची जुनी गाडी घेतली होती. बायकोने रायफल आणि कपाट मिळून पाचशे युरो मंजूर केले होते आणि वर सांगितलं होतं, "पाचशेवर एक जरी झाला, तरी रायफल परत करायची." तेव्हा क्लबातल्या एका आजोबांनी मला वाट दाखवली. सैन्यांनी मोडीत काढलेल्या जुन्या रायफली. शंभर वर्षांपूर्वी उत्तम पोलाद वापरून, वेळ घेऊन बनवलेल्या, आणि आता नव्याच्या पाव किमतीत मिळणाऱ्या.

हे आजोबा निवृत्त टूलमेकर होते. क्लबात सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, तरी ऐंशीच्या घरातल्या माणसाला 'तू' म्हणायला मला चार महिने लागले. त्यांच्याकडे स्वीडनच्या लष्करातली एक जुनी रायफल होती आणि त्यांना ती विकायची होती. ते महिनाअखेरच्या शनिवारी वृद्धाश्रमात राहायला जाणार होते. तिथे हत्यार चालत नव्हतं.

"आधी नळी बघ, मग लाकूड," ते म्हणाले. "नवे लोक लाकडाच्या प्रेमात पडतात."

त्यांनी बोल्ट, म्हणजे गोळी नळीत सरकवणारा दांडा, काढला, मागे पांढरा कागद धरला आणि नळी खिडकीकडे केली. मी एक डोळा मिटून आत पाहिलं. पीळ घेत गेलेल्या चार चऱ्या लख्ख चमकत होत्या, जणू काल कोणी पुसून ठेवल्या. मग त्यांनी मला आकडे दाखवले. नळीवर, बोल्टवर, नेम धरायच्या दृष्टिपट्टीवर, अगदी छोट्या स्क्रूवरसुद्धा तेच तीन आकडे. म्हणजे शंभर वर्षांत एकही भाग दुसऱ्या रायफलीतून आलेला नव्हता. लाकडी दस्त्यात जुन्या रुपयाएवढी एक पितळी चकती बसवलेली होती. लष्करातल्या तपासनिसाने नळी मोजून, ती किती झिजली आहे याची खूण त्या चकतीवर ठोकून ठेवली होती.

मी मोजमाप विभागातला माणूस. आम्ही भागांवर हिरवे आणि लाल स्टिकर लावतो आणि ते आठवड्यात गळून पडतात. इथे कुणीतरी शंभर वर्षांपूर्वी माझंच काम केलं होतं आणि ते अजून वाचता येत होतं.

"किती?" मी विचारलं.

"तीनशे. हाइलब्रॉनचा एक संग्राहक सहाशे द्यायला तयार आहे. पण महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत मी थांबतो. तुझा परवाना आला तर तुझी."

कपाट मी आधीच घेतलं होतं. त्या वर्षांत कायदा अजून थोडा सैल होता आणि साधं पोलादी कपाटही चालायचं. एका निवृत्त शिकाऱ्याकडून वापरलेलं मिळालं. क्लबातल्या तिघांनी ते तिसऱ्या मजल्यावर चढवून दिलं आणि त्या बदल्यात बायकोच्या हातचे पोहे दोनदा मागून खाल्ले. तेव्हा माझी आई आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आली होती. तिने कपाटाच्या दारावर बोटाने टकटक केलं.

"असं आपल्याकडं पतसंस्थेत आहे," ती म्हणाली. "बरं केलंस रे. सूनबाईचं सोनं किती दिवस पिठाच्या डब्यात ठेवणार?"

कपाट कशासाठी आहे हे मी तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. आनंदाच्या भरात मी ते टाळलं. बायकोने खरोखरच त्यात सोनं ठेवलं, आम्हा दोघांचे आणि मुलीचा असे तीन पासपोर्ट ठेवले, माझी पदवीची प्रमाणपत्रं ठेवली आणि मलमलीत गुंडाळलेली पैठणी ठेवली. रायफल येईपर्यंत एवढं भक्कम कपाट रिकामं कशाला ठेवायचं, असं तिचं म्हणणं. मलाही ते पटलं.

कपाटाला दोन किल्ल्या होत्या. एक बायकोच्या जुडग्यात गेली, कारण घरातल्या सगळ्याच किल्ल्या तिथे असतात. दुसरी आईने मागून घेतली. दुसरी किल्ली त्याच घरात ठेवायची नाही, हा आमच्याकडचा नियम आहे. आईच्या गोदरेजची दुसरी किल्ली मागच्या गल्लीत मावशीकडे असते. मावशीच्या ट्रंकेची आमच्याकडे. आईने किल्ली रुमालाच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि महिन्याभराने ती विमानाने घरी गेली. किल्लीही गेली.

महिनाअखेरीला दोन आठवडे उरले असताना परवाना कचेरीतल्या बाई कपाट तपासायला आल्या. माझी बाकीची सगळी कागदपत्रं पूर्ण होती. हा शेवटचा टप्पा. मी नवा शर्ट घातला होता. बायकोने चहा टाकला होता.

बाईंनी दारात बूट काढले, कपाटाच्या मजबुतीचा दर्जा लिहिलेली आतली पट्टी कुठे आहे ते विचारलं आणि भिंतीत मारलेले बोल्ट हलवून पाहिले. हँडलला आमच्या मुलीचं सायकलचं हेल्मेट लटकत होतं. ते त्यांनी अलगद काढून खुर्चीवर ठेवलं.

"आल्झो, तर मग उघडून दाखवा."

मी बायकोला हाक मारली. ती स्वयंपाकघरातून आली, कमरेचं जुडगं काढलं, बरोबर किल्ली निवडली आणि दार उघडलं. आत सोन्याचा डबा, पासपोर्ट, प्रमाणपत्रांची फाइल आणि पैठणी. बाईंनी पैठणीकडे पाहून "सुंदर" म्हटलं आणि मग माझ्याकडे वळल्या.

"ही किल्ली नेहमी तुमच्या पत्नीकडे असते?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी अभिमानाने म्हणालो. "घरच्या सगळ्या किल्ल्या तिच्याकडेच असतात." मला वाटलं, जबाबदार कुटुंब म्हणून आपली छाप पडेल.

त्यांनी काहीतरी लिहिलं. "आणि दुसरी?"

"ती माझ्या आईकडे आहे. अगदी सुरक्षित."

"आई याच इमारतीत राहतात?"

"नाही. महाराष्ट्रात."

"ते कुठे आलं? शेजारच्या बायर्न राज्यात?"

"भारतात."

त्यांचं पेन थांबलं. रागावल्या नाहीत. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, हेल्मेट मांडीवर घेतलं आणि सावकाश, मला समजेल अशा जर्मनमध्ये सांगितलं. परवाना मला मिळणार आहे, माझ्या पत्नीला नाही. जो कपाट उघडू शकतो त्याच्या हातात रायफल आहे, असं कायदा समजतो. तो माणूस कितीही चांगला असो. आणि घरात लहान मूल आहे. दोन्ही किल्ल्या माझ्याकडे हव्यात, कायम, आणि त्या दोन्ही त्यांना डोळ्यांनी बघायच्या होत्या.

"महिनाअखेरच्या गुरुवारी मी पुन्हा येऊ शकते. त्यानंतर मी तीन आठवडे सुट्टीवर आहे."

दार लागलं तशी बायको म्हणाली, "लग्नाला सात वर्षं झाली. पगार माझ्याकडे, भाड्याचा करार माझ्याकडे, तुमचे मोजे कुठे आहेत हेसुद्धा तुम्ही मला विचारता. आणि आता माझ्याच घरात असं एक कपाट, की ज्याची किल्ली माझ्याकडे नाही?"

"फक्त रायफलीचं."

"आणि सोनं?"

"सोनं परत पिठाच्या डब्यात."

हेल्मेट उचलून तिने ते दुसऱ्या खुंटीला लावलं. "त्या बाईंचं बरोबर आहे म्हणा," ती म्हणाली, "पण हे आईंना सांगायचं तुम्ही. मी फोन लावून देते, बोलायचं तुम्ही."

कुलूप बदलता येईल का, हे मी आधी विचारून पाहिलं. कुलूपवाल्याने सांगितलेला आकडा कपाटापेक्षा मोठा होता आणि माणूस तीन आठवड्यांनी येणार होता. म्हणजे किल्लीच हवी होती आणि त्यासाठी आईला खरं सांगायला हवं होतं.

"आई, ते कपाट रायफलीसाठी घेतलंय."

"कशासाठी?"

"बंदूक, आई. नेमबाजीची."

ती म्हणाली, "आपल्याकडं बंदूक असते पोलिसाकडं, नाहीतर दरोडेखोराकडं. तू कोण आहेस यातला?"

"खेळ आहे तो, आई."

"खेळ? एवढं शिकवलं ते बंदूक घ्यायला? कुणाशी भांडण झालंय का तुझं तिकडं? खरं सांग."

बायकोने हात पुढे करून फोन घेतला. "आई, अहो कसलं भांडण? आठवड्यातून एकदा जातात, कागदाला भोकं पाडतात आणि कॉफी पिऊन घरी येतात. घरी आल्यावर भोकं मोजतात. मला पण मोजायला लावतात."

"कागदाला भोकं पाडायला एवढं मोठं कपाट?"

तेवढ्यात मागून वडिलांचा आवाज आला आणि फोन त्यांच्याकडे गेला. वडिलांशी मी आयुष्यात कधी पाच मिनिटांपेक्षा जास्त बोललो नव्हतो.

"किती पल्ल्याची आहे रे?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"नळीत गंज?"

"अजिबात नाही. आरशासारखी आहे."

"मुळातच तशी, की नुसती पॉलिश मारलेली?"

मी त्यांना आकड्यांचं सांगितलं, सगळ्या भागांवर तेच तीन आकडे असल्याचं, पितळी चकतीचं, तपासनिसाच्या खुणेचं. ते मधेमधे "हं, हं" करत होते. माझ्या लक्षात आलं, की आवाज त्यांचाही चढला आहे. सायकलचं हब उघडून आतली बॉल बेअरिंग नवी निघाली की ते दुकानात ज्या आवाजात मला हाक मारत, तो हाच आवाज होता.

"स्क्रूवर पण आकडा?" ते म्हणाले. "काय माणसं असतील! पाठवतो किल्ली. कधीपर्यंत पाहिजे?"

कुरियर त्यांना पसंत नव्हतं. "किल्ली काय पाकिटात टाकतात?" आई मागून म्हणाली आणि त्यावर दोघांचं एकमत झालं. त्सुफेनहाउझेनला राहणाऱ्या माझ्या एका मित्राचे सासरे पुण्याहून बुधवारी येणार होते. म्हणजे बाईंच्या भेटीच्या आदल्या दिवशी. वडिलांनी दोन दिवस दुकान बंद ठेवलं, रात्रभर एसटीने प्रवास करून पुण्याला गेले आणि किल्ली त्या गृहस्थांच्या हातात देऊन त्याच दिवशी परतले. माझ्या पदवीदान समारंभालाही दुकान बंद ठेवावं लागेल म्हणून ते आले नव्हते. हे लिहितानाही मला ते कसं मांडावं ते कळत नाही.

बुधवारी मी अर्धी सुट्टी टाकून त्सुफेनहाउझेनला गेलो. विमान दोन तास उशिरा आलं होतं आणि मित्राचे सासरे नुकतेच अंघोळ करून बसले होते. मी नमस्कार केला.

"तुम्हीच का ते?" त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "वडिलांचं नाव सांगा."

मी सांगितलं.

"दुकान कशाचं?"

"सायकलचं."

"बाबा, अहो तोच आहे, मी ओळखतो," मित्र हसत म्हणाला.

"असेल. पण मला सांगितलंय, की खात्री करून त्याच्याच हातात द्यायची." मग त्यांनी आतल्या खिशातून कापडी पुरचुंडी काढली. किल्लीला तेल लावून ती प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती. "तेल मुद्दाम लावलंय म्हणाले. आणि सांगितलंय, की रायफलीचा फोटो पाठव, स्क्रूचा जवळून."

येताना रेल्वेत मी किल्ली मुठीत धरून बसलो. दर स्टेशनला मूठ उघडून बघत होतो. समोरच्या बाई शेवटी हसल्या. मीही हसलो. काय सांगणार त्यांना?

गुरुवारी बाई आल्या. कपाट रिकामं होतं. बायकोने स्वतःच्या हाताने सगळं काढून घेतलं होतं आणि जुडग्यातली किल्ली सोडवून माझ्या हातात देताना म्हणाली होती, "हरवलीत तर मला विचारायचं नाही." दोन्ही किल्ल्या माझ्या गळ्यात एका दोरीत होत्या. त्या मी बाहेर काढल्या. बाईंनी एकेक लावून कुलूप दोनदा उघडून पाहिलं.

"ही भारतातून आली?"

"काल."

"पोस्टाने?"

"नाही. माझे वडील, मग मित्राचे सासरे, मग मी."

त्या म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. परवान्याचं कार्ड उद्या दहा वाजता तयार असेल."

शुक्रवारी पावणेदहाला मी कचेरीच्या दारात होतो. पिवळं कार्ड हातात आलं तेव्हा मी ते तीनदा वाचलं, माझं नाव बरोबर आहे ना ते पाहिलं, आणि तिथूनच आजोबांना फोन केला. "मिळालं!" एवढंच मला म्हणता आलं. ते म्हणाले, "मग ये की. कॉफी ठेवतो."

त्यांच्या घरात खोकीच खोकी होती. टेबलावर फक्त रायफल, कुलूप लावायची लांब पिशवी आणि दोन कप. मी तीनशे युरो मोजून दिले. त्यांनी हाताने लिहिलेली पावती दिली. मला राहवेना.

"त्या हाइलब्रॉनच्या माणसाला काय सांगितलंस?"

"काल त्याचा पुन्हा फोन आला होता. सातशे म्हणाला."

"मग?"

"त्याच्याकडे अशा अकरा आहेत. बारावीसुद्धा कपाटातच पडून राहिली असती. चल, क्लब चारला उघडतो."

शंभर मीटरच्या पट्ट्यावर आम्ही दोघेच होतो. आजोबा माझ्या मागे खुर्चीत, दुर्बीण घेऊन. मी पहिली गोळी भरली. बोल्ट पुढे सरकला तो तेलातून सरकल्यासारखा. श्वास सोडला, अर्ध्यात थांबवला, काळ्या वर्तुळाच्या मधोमध नेम धरला आणि चाप ओढला. खांद्याला एक भरीव धक्का बसला. दारूचा वास आला.

"कागदावर नाही," आजोबा म्हणाले.

दुसरी. "नाही." तिसरी. "तीसुद्धा नाही." त्यांच्या आवाजात हसू होतं आणि माझ्या कपाळावर घाम. सगळं करून, सगळ्यांना कामाला लावून मी भलतीच रायफल घेतली की काय?

"दृष्टिपट्टीवर सगळ्यात खालचा आकडा किती मीटरचा आहे, वाच."

मी वाचलं. तीनशे.

"त्या सैनिकांना शंभर मीटरवर कागद मारायचे नव्हते. तीनशेच्या आत गोळी वरच लागते. तुझ्या तिन्ही गोळ्या वरच्या मातीत एकमेकींना चिकटून आहेत, मला दिसतायत. नेम कागदाच्या खालच्या कडेवर धर."

मी कागदाच्या खालच्या कडेवर, जिथे काहीही नव्हतं अशा पांढऱ्यावर नेम धरला. विश्वास ठेवणं अवघड होतं. चौथी गोळी सोडली.

"दहापैकी नऊ," आजोबा म्हणाले. "थोडी डावीकडे. अजून एक मार, आणि मग मला पण एक दे."